नाशिकचे मारुतीसाहेब

माझ्या नोकरीतली बरीच वर्षं समईच्या वाती विझू न देण्यात गेली. नाशिकच्या एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत मी अभ्यासक्रम समन्वयक होतो. पाटबंधाऱ्यांचे इंजिनिअर तिथे शिकायला येत. त्यांना शिकवणारे वेगळे होते. माझ्याकडे खोल्या, जेवण, बस, पुष्पगुच्छ आणि उद्घाटनाची समई. सभागृहात पंखे चालू ठेवले तर समई विझे, बंद ठेवले तर प्रमुख पाहुणे घामाघूम होऊन माझ्याकडे बघत. यावर मला शेवटपर्यंत तोडगा सापडला नाही. त्यामुळे देशादेशांतल्या पाण्याच्या भांडणांवर त्या सभागृहात तोडगा निघेल, असं मला कधी मनापासून वाटलं नाही.

नव्वदीच्या मध्यावर वरून हुकूम आला, की शेजारच्या देशांतल्या इंजिनिअरांसाठी सामायिक नद्यांच्या व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घ्यावा. त्यासाठी नाशिकच का, हे कुणी सांगितलं नाही. गोदावरी इथून निघून पार दुसऱ्या राज्यात समुद्राला मिळते, पण देशाबाहेर काही जात नाही. दिल्लीतल्या कुणाला तरी इथली हवा आवडली असावी.

आमच्या संचालकांना कलशाची कल्पना सुचली. प्रत्येक पाहुण्याने आपापल्या नदीचं पाणी बाटलीतून आणायचं आणि उद्घाटनाच्या वेळी व्यासपीठावरच्या एकाच तांब्याच्या कलशात ओतायचं. निवेदिकेने त्यावर चार ओळी लिहून पाठही केल्या होत्या. कार्यक्रम सुरू होण्याआधी एक सडपातळ, चष्मा लावलेला पाहुणा माझ्याजवळ आला आणि कानाशी म्हणाला, "माझी बाटली विमानतळावर काढून घेतली."

मी त्याला कँटीनच्या नळाचं पाणी भरून दिलं. त्याच्या बलाढ्य नदीच्या वतीने गंगापूर धरणाचं क्लोरिन घातलेलं पाणी कलशात पडलं. निवेदिकेने त्याच नदीचं वर्णन सगळ्यांत लांबवलं, आणि टाळ्याही त्यालाच जास्त मिळाल्या. जागेवर परत येताना तो मला म्हणाला, "आमच्या नदीला आयुष्यात पहिल्यांदाच पिण्यालायक केलंत."

त्याचं नाव मी इथे घेत नाही, देशाचंही घेत नाही. एक नदी आहे. ती डोंगरातल्या एका देशातून येते, आपल्यातून जाते आणि तिसऱ्या देशात समुद्राला मिळते. हा त्या तिसऱ्या देशाचा, म्हणून त्याला मी खालचा म्हणेन. पहिल्या देशाचाही एक जण त्याच अभ्यासक्रमाला होता. तो वरचा. हा वरचा ठेंगणा, गुबगुबीत, सिनेमे बघून हिंदी शिकलेला, आणि त्यामुळे कँटीनच्या पोऱ्याशीही खलनायकासारखा बोलणारा. नदी डोंगर सोडून मैदानात उतरते तिथे पाण्याची पातळी मोजण्याचं ठाणं होतं, आणि ते त्याच्या ताब्यात होतं. दोघंही हिंदीच बोलत, आपापल्या पद्धतीने मोडून. त्यांचं बोलणं मी मराठीतच सांगतो.

पहिल्याच आठवड्यात, जेवणानंतर, खालच्याने टेबलावर मिठाने नदी काढली आणि मधोमध एक वाटी ठेवली. वाटी म्हणजे नदीच्या पात्रातलं गाळाचं बेट. त्याच्यावर त्याची थोरली, विधवा बहीण राहत होती, आणि तिच्यासोबत एक वस्ती, गुरं, भाताची शेतं. त्याने तिला शहरातल्या आपल्या क्वार्टरमध्ये आणून पाहिलं होतं. ती महिन्याभरात परत गेली होती. गाईंना जिना चढता येत नाही, असं तिचं म्हणणं.

"डोंगरात पाणी चढलं की दीड दिवसाने ते तिच्या अंगणात येतं," तो म्हणाला. "गुरांसकट नावेने पलीकडे जायला वस्तीला एक दिवस लागतो. म्हणजे हिशेब जमतो. फक्त कुणीतरी सांगायला हवं. मला पाणी आल्यावर कळतं. यांना," त्याने वरच्याकडे बोट केलं, "यांना आधी कळतं."

वरचा पापड मोडत होता. "कळतं," तो म्हणाला. "पण आमच्याकडे पातळीचा आकडा गोपनीय आहे. परदेशी माणसाला आकडा सांगितला तर माझी नोकरी जाईल. कदाचित मीही जाईन."

"तुझ्या नोकरीचं मला वाईट वाटेल," खालचा शांतपणे म्हणाला. "पण तिला एक दिवस आधी कळलं तर ती जगते, नाही कळलं तर नाही. मी इथे एवढ्यासाठी आलोय. बाकीचा अभ्यासक्रम तुम्ही दुसऱ्या कुणालातरी शिकवा."

त्या पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गोदावरीला पूर आला. संचालकांनी लगेच त्याला क्षेत्रभेट असं नाव दिलं आणि मी बस काढली. होळकर पुलावर सगळं नाशिक जमलेलं होतं. नाशिककरांना पुराची भीती वाटते, पण बघायला जायचं चुकवत नाहीत. पुलावरून रामकुंडाच्या पुढे पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती दिसत होता. एक तोंड इकडे, एक तिकडे, आणि भोवती चहाच्या रंगाचं पाणी. शेजारी शेंगा खात उभ्या असलेल्या एका फुलवाल्याला वरच्याने विचारलं, "किती आहे पाणी?"

"कंबरंला लागलंय," फुलवाला म्हणाला. "छातीला काय जात नाय आज. वरून कमी केलंय म्हनत्यात."

मग मी त्यांना समजावून सांगितलं. धरणातून किती पाणी सोडलं त्याचा आकडा सरकार जाहीर करतं, पण गावात तो कुणाच्या डोक्यात शिरत नाही. गावाचं माप मारुती. गुडघ्याला पाणी म्हणजे बघायला जा. कमरेला आलं की काठावरच्या भांडीबाजारातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर न्यायला लागतात. छातीला लागलं की दुकान सोडून स्वतः वर जातात. वर्तमानपत्रंही तसंच छापतात.

वरचा आणि खालचा एकमेकांकडे बघायला लागले. मी मध्ये उभा होतो. एकूण भूगोलात माझी ती जागाच होती म्हणा.

"मारुतीची कंबर," वरचा सावकाश म्हणाला, "हा काही आकडा नाही."

"अजिबात नाही," खालचा म्हणाला. "ही देवाची खुशाली आहे."

बसमध्येच दोघांनी ठरवून टाकलं. वरच्याच्या ठाण्यावरच्या मापपट्टीवर ते मारुती उभा करणार. गुडघा म्हणजे गुरं उंचावर बांधा. कंबर म्हणजे बायकामुलं आणि गुरं पलीकडे न्या. छाती म्हणजे सगळे निघा, मागे बघू नका. आता फोनचा प्रश्न उरला. वरच्याने थेट खालच्या देशात फोन लावला असता तर दुसऱ्या दिवशी चौकशी झाली असती. नाशिकला आपल्या जुन्या अभ्यासक्रमातल्या माणसाला फोन करून मारुतीची खुशाली सांगण्यात मात्र कुणाला काही वावगं वाटणार नव्हतं. पुढचा फोन नाशिकहून मी करायचा.

"तुमची हरकत नाही ना?" खालच्याने विचारलं. तोवर दोघांनी माझ्या घरचा नंबर लिहूनही घेतला होता.

अशा रीतीने तीन देशांमधली पूरसूचना यंत्रणा आमच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारच्या तिपाईवर सुरू झाली. तिला उद्घाटन नव्हतं. म्हणून ती चालली असावी.

घरच्या फोनवर परदेशी लाइन नव्हती. त्यामुळे वरच्याचा फोन आला की मी स्कूटर काढून नाशिकातल्याच द्वारकेच्या चौकातल्या आयएसडी बूथवर जायचो. बूथवाला आमच्या ओळखीचा होता, खोचक आणि सावकाश. पहिल्या पावसाळ्यात त्याने फक्त ऐकलं. दुसऱ्या पावसाळ्यात तो यंत्रणेचा भाग झाला.

"या साहेब. आज कुठवर?"

"गुडघा."

"मग बसा, चहा घ्या. गुडघ्याला काय घाई?"

पण कंबर म्हटलं, की आत फोनवर बोलत असलेल्या गिऱ्हाइकाला तो काचेवर टकटक करून बाहेर काढायचा. "भाईजान, ठेवा आता. तिकडं पाणी चढतंय."

"कुठं पाणी?" गिऱ्हाईक दाराबाहेरच्या रखरखीत उन्हाकडे बघत विचारायचं. द्वारकेला ट्रकांची रांग, धूळ, हॉर्न.

"लांब हाय. तुमच्या सासूपेक्षा लांब. ठेवा."

टेलिफोन खात्यातल्या एका ओळखीच्याने मला लग्नाच्या पंगतीत विचारलं होतं, "तुम्ही परदेशात मारुतीबद्दल फार बोलता. गाड्यांचा धंदा काढलाय का?" मी हो म्हणालो. धंदा म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत.

माझ्या बायकोला सुरुवातीला हे सगळं पोरकट वाटलं होतं. मग एकदा मी बाहेर असताना फोन आला. मी घरी पोचलो तेव्हा ती छत्री घेऊन द्वारकेला जाऊन, कंबर कळवून परत आली होती, आणि पुढे पावसाळाभर फोन वाजला की माझ्याआधी तीच उचलायची. "कुठवर हो भाऊजी?" ती वरच्याला विचारायची. त्याला ती कधीच भेटली नव्हती.

पलीकडे काय होत होतं ते खालच्याकडून कळे. तो बेटासमोरच्या काठावरच्या दुकानात फोन करायचा, दुकानदार शेजारच्या मशिदीत जायचा आणि मशिदीच्या भोंग्यावरून नदीपलीकडे पुकारा व्हायचा, की नाशिकचे मारुती कमरेपर्यंत भिजले. आम्ही पंचवटीतल्या कुणाला हे सांगितलं असतं तर कितपत पटलं असतं, कोण जाणे. बेटावर कुणाला त्यात काही गमतीचं वाटत नव्हतं. त्या काळात वस्ती दर पावसाळ्याला एकदोनदा पलीकडे गेली आणि परत आली. गुरं गेली नाहीत, माणसं गेली नाहीत. असल्या गोष्टीचा अहवाल निघत नाही, कारण काही घडलेलंच नसतं.

"माझ्या बहिणीला वाटतं," खालचा एकदा फोनवर हसत म्हणाला, "की मारुती म्हणून नाशिकला कुणी मोठे साहेब आहेत. ती विचारत होती, साहेब एवढे पाण्यात उतरून का मोजतात? माणूस नाही का त्यांच्या हाताखाली?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, त्यांचा कुणावर विश्वास नाही. रात्रंदिवस स्वतः उभे असतात. सुट्टीसुद्धा घेत नाहीत." मग तो म्हणाला, "खरं सांगितलं तर ती दगडाचं कशाला ऐकेल? साहेबांचं ऐकते."

पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमाला त्याच्या देशातून आलेल्या एकाने माझ्या हातात एक गाठोडं दिलं. आत गोधडी होती. जुन्या पातळांचे थर घालून, बारीक धावदोऱ्याने शिवलेली, मधोमध कमळासारखं काहीतरी. बहिणीने मारुतीसाहेबांसाठी पाठवली होती. सारखे ओले होतात, थंडी वाजत असेल. बायकोने ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाली, "आता ही पोचवायची कशी?" मग आम्हीच ती थंडीपावसात वापरायला लागलो.

दोन हजारनंतर एकदोन वर्षांतच तिन्ही देशांमध्ये माहितीच्या देवाणघेवाणीचा करार झाला. वर्तमानपत्रात फोटो आला. तीन माणसं, तीन पेनं, मागे तीन माणसं पेनांची टोपणं धरून. वरचा त्या मागच्यांत होता. त्याची राजधानीत बदली झाली होती, तो संयुक्त समितीचा सभासद झाला होता, आणि पूरसूचनेचं कलम त्यानेच लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "आता चोरून काही करायचं कारण नाही," तो म्हणाला. आवाजात सिनेमा नव्हता, खरा आनंद होता. "आता कायद्याने कळेल. आकड्यासकट. मी असलो काय, नसलो काय. माझी बदली झाली, उद्या तुमची होईल, हे असं फोनवर किती वर्षं चालणार होतं? मारुतीला निवृत्त करा."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे आजही मला मान्य करावं लागतं. खालचाही खूश होता. त्याच्या टेबलावर फॅक्स मशीन आलं होतं. द्वारकेला मी निरोप सांगायला गेलो तर बूथवाल्याचा धंदा मोबाइलमुळे तसाही बसत चाललेला. तो म्हणाला, "चला, सरकार हुशार झालं म्हणायचं. मला करमणार नाय पन."

कराराची प्रत काही महिन्यांनी आमच्या संस्थेत आली. पूरकाळात पातळीची माहिती वरच्या देशाच्या राजधानीतून आपल्या राजधानीत, आणि तिथून खालच्या देशाच्या राजधानीत, कार्यालयीन दिवशी, कार्यालयीन वेळेत, फॅक्सने कळवली जाईल. कलम वाचायला नेटकं होतं. वरच्या देशात शनिवारची सुट्टी असते. आपलं ते कार्यालय शनिवार-रविवार बंद. खालच्या देशात शुक्रवारी. हे तिन्ही देशांतल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत होतं, आणि समितीतल्या प्रत्येकालाही. पण प्रत्येकाने आपला मसुदा आपल्या कार्यालयात बसून, कामाच्या दिवशी लिहिला होता.

पहिला पावसाळा बरा गेला. पाणी आठवड्याच्या मधल्या दिवसांत चढलं, फॅक्स वेळेवर पोचले, आणि भोंग्यावरून पुकारा पूर्वीसारखाच मारुतीच्या नावाने झाला. समितीने त्याबद्दल एकमेकांचं अभिनंदन केलं.

दुसऱ्या पावसाळ्यात डोंगरात गुरुवारी संध्याकाळी पाणी चढलं. शुक्रवारी सकाळी ठाण्यावरच्या नव्या अधिकाऱ्याने आकडा राजधानीला कळवला. वरच्याने स्वतः तो बघितला, नियमाप्रमाणे टिपण तयार झालं, वरिष्ठांची सही झाली, आणि फॅक्स आपल्याकडे निघाला. तो आपल्या राजधानीत पोचला तेव्हा कार्यालय सुटलं होतं. फॅक्स मशीनमधून कागद बाहेर आला आणि खालच्या ट्रेमध्ये पडला. तिथे तो शनिवार पडून राहिला, रविवार पडून राहिला. सोमवारी सकाळी तो खालच्या देशाकडे रवाना झाला. नदीची पातळी वाढण्याची शक्यता आहे, योग्य ती खबरदारी घ्यावी.

पाणी शनिवारी सकाळीच येऊन गेलं होतं.

मला हे कळलं ते आठवड्याभराने. रविवारची दुपार होती. फोन खालच्याचा होता. त्याने विचारलं, "त्या शुक्रवारी तुमच्याकडे फोन वाजला होता का?"

"नाही," मी म्हणालो. "आम्ही घरीच होतो."

"बरं," तो म्हणाला. "नुसतं विचारलं."

पुढचं त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळीच नदीचा रंग बदलला होता. बेटावरच्या काही जणांना शंका आली. त्यांनी नावा काढल्या आणि तिला म्हणाले, चल. ती म्हणाली, भोंग्यावरून पुकारा झाला नाही. मारुतीसाहेबांनी काही कळवलेलं नाही, म्हणजे एवढं नसणार. इतकी वर्षं त्यांचं कधी चुकलं नाही. तिचं ऐकून आणखी काही घरं थांबली. आधीच्या सगळ्या वर्षांत तिचं ऐकून लोक निघाले होते, तसंच ते आता थांबले.

ज्यांनी नावा काढल्या ते वाचले.

बायको दारात उभी राहून माझा चेहरा बघत होती. मी फोन ठेवला. आत जाऊन तिने पलंगावरची गोधडी काढली, घडी केली आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवली. ती पुन्हा कुणी अंगावर घेतली नाही.

वरच्याशीही एकदा बोलणं झालं, मीच केला होता फोन. "मी शुक्रवारीच पाठवला होता," तो म्हणाला. "नियमाप्रमाणे. तुम्ही कागद बघा, त्यावर वेळ आहे." त्याने ते दोनदा सांगितलं. मग म्हणाला, "फोनपाशी माझा हात गेला होता. पण मला वाटलं, आता करार आहे, मीच जर विश्वास ठेवला नाही तर कोण ठेवणार?" त्या वर्षीच्या अहवालात, पूरकाळातली सर्व माहिती विहित मार्गाने कळवण्यात आली, असं वाक्य आहे. ते खरं आहे.

काही वर्षांनी आमच्याच संस्थेत कराराच्या यशस्वी वाटचालीवर परिसंवाद झाला. संचालक बदलले होते, पण कलश तोच होता. खालचा त्याच्या देशाच्या प्रतिनिधी मंडळाचा प्रमुख म्हणून आला होता. केस पांढरे, चष्मा जाड. या वेळी त्याची बाटली विमानतळावर कुणी अडवली नव्हती. त्याची पाळी आली तेव्हा त्याने झाकण उघडलं, गढूळ पाणी कलशात ओतलं आणि बाटलीत तळाला राहिलेला गाळ क्षणभर बघून झाकण लावून टाकलं. टाळ्या बेताच्याच पडल्या.

दुपारी तो म्हणाला, "मला त्यांना भेटायचंय." कुणाला, ते मी विचारलं नाही. घरून गोधडीची पिशवी घेतली आणि आम्ही रिक्षाने रामकुंडाकडे गेलो.

उन्हाळा होता. पात्रातल्या सिमेंटवर लोकांनी कपडे वाळत घातले होते. मारुतीच्या पायाशी एकाने रसाची गाडी लावली होती आणि सावलीत दोन कुत्री झोपली होती. खालचा एकदा पुढून बघून आला, मग वळसा घालून मागून. मग समोर येऊन उभा राहिला.

मी पिशवी पुढे केली. "ही तुमच्याकडे असावी, असं माझी बायको म्हणते."

त्याने गोधडीवरून हात फिरवला, शिवण बघितली आणि पिशवी माझ्याकडे परत दिली. "ती तिने साहेबांना दिलीय," तो म्हणाला. "मी कशी घेऊ?"

रसवाल्याने विचारलं, दोन ग्लास करू का. मी नको म्हणालो. खालच्याचं लक्ष मारुतीच्या कमरेकडे होतं. शेंदरावर धूळ बसली होती.

"मी तिला सांगितलं होतं," तो म्हणाला, "हे साहेब कधी सुट्टी घेत नाहीत."

मी घड्याळ बघितलं. संध्याकाळी समारोप होता, समई पुन्हा लावायची होती, आणि मला पंखे बंद करायला वेळेत पोचायचं होतं.